अकरा वेळा थंड खोलीत

कप टेबलावर ठेवण्याआधी ती टेबल बोटाने दाबून बघते. डुगडुगत असेल तर पायाखाली कागदाची घडी सारते, मगच चहा.

नवीन माणूस भेटला की आधी त्याच्या कोपराच्या आतली शीर बघते. चेहरा नंतर.

डब्याच्या झाकणावर नाव लिहिते आणि डब्यावरही लिहिते. "झाकणं फिरतात," म्हणते.

"साधारण" हा शब्द तिच्या तोंडी नाही. अंडं किती वेळ उकडू, असं विचारलं तर सात मिनिटं. आठ नाही.

भर उन्हाळ्यात घामाघूम होत बाहेर पडते आणि खांद्यावर स्वेटर असतो.

आईवडिलांशी फोनवर बोलताना उभी राहते.

राग आला की भांडी घासते. घासलेलीच पुन्हा घासते.

हसू आलं की तोंडावर हात धरते. खांदे हलतात ते मात्र तिला थांबवता येत नाहीत.

कुलूप लावलं की तीनदा ओढून बघते. चौथ्यांदा मला ओढायला लावते. "दुसऱ्या हाताने ओढलं की खात्री."

ही यादी मी ताईच्या सदतिसाव्या वाढदिवसाला गंमत म्हणून लिहिली आणि फ्रिजच्या दारावर चिकटवली. ती अजून तिथेच आहे. फक्त स्वेटरच्या ओळीखाली आता लाल पेन्सिलीची जाड रेघ आहे. ती रेघ कशी आली ते सांगते. मला स्वतःलाच ते अजून नीट पटलेलं नाही.

ताई माझी सख्खी बहीण नाही. आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात भाड्याने राहत होतो. एक खोली तिची, एक माझी, स्वयंपाकघर दोघींचं. मी वाङ्मयाची पदवी घेतली होती आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. ती माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. अकरा वर्षं एका रुग्णालयात रक्त काढण्याचं काम केलेली. मग दोन वर्षांची रजा घेऊन ती विद्यापीठात आली. विषय होता प्रगत जीवरसायन आणि पेशींचं, रेणूंचं विज्ञान.

"का गं?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"अकरा वर्षं नळी भरायची आणि खिडकीतून आत द्यायची. आत काय चालतं ते खिडकीपलीकडे. मला पलीकडे जायचंय."

बस, एवढंच कारण. रुग्णालयाने तिला सांगितलं होतं की पदवी आणलीस तर खिडकीच्या आतली जागा तुझी. नाही आणलीस तर तुझी खुर्ची आहेच, सुई आहेच.

वर्गात सगळी बाविशीतली पोरं. त्यांनी पहिल्या दिवशी तिला प्राध्यापक समजून उठून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांची "काकू" झाली. पहिल्या चाचणीत काकूला तीसपैकी अकरा मार्क पडले. त्या संध्याकाळी आमच्या घरात एकही भांडं काळं राहिलं नाही.

फोनवर आईचं वेगळंच. "अगं, तुझ्या वयाच्या बायकांची पोरं मार्क आणतात. तू स्वतःचे आणतेस!"

"आणतेय ना, आई. घरात कोणीतरी आणतंय हे काय कमी?"

तिने साखरेपासून ऊर्जा कशी बनते त्याचा मोठा तक्ता बाथरूमच्या दाराला आतून लावला. बाणच बाण. दात घासताघासता मलाही अर्धा पाठ झाला. काही समजलं नाही, पण नावं आवडली. ती मला सोपं करून सांगायची. प्रथिन म्हणजे काय, तर दोरी. पण अशी दोरी की सोडून दिली तर गुंता होतो आणि दरवेळी तोच गुंता होतो. त्या गुंत्यातच सगळं काम आहे. गुंता बिघडला की काम बंद.

"म्हणजे माझ्यासारखं," मी म्हटलं.

"तुझा गुंता दरवेळी वेगळा असतो," ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षी प्रबंध होता. तिच्या वाट्याला एक एन्झाइम आलं, म्हणजे पेशीतलं एक कामकरी प्रथिन. ते एकटं काम करत नाही. दोन सारखे तुकडे जोडीने बिलगून बसले तरच करतं. जोडी फुटली की दोन्ही अर्धे बिनकामाचे. ताईला ते पेशींमधून वेगळं काढायचं होतं, जोडी न फोडता. नंतर त्यात एक रंग नसलेला पदार्थ घालायचा. एन्झाइम जिवंत असेल तर पाणी पिवळं होतं. किती पिवळं ते यंत्र आकड्यात सांगतं.

काही महिने पाणी पाण्यासारखंच राहिलं. मग एक दिवस ती दुपारीच घरी आली, चपला घालूनच स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, "पिवळं झालं."

चोवीस, असा तिचा आकडा आला होता. तिने तेच काम चौदा वेळा केलं. बावीस आणि पंचवीस यांच्या बाहेर आकडा गेला नाही.

तिच्या मार्गदर्शक मॅडमच्या प्रयोगशाळेत एक नियम होता. तो दुसऱ्या कुठे आहे की नाही मला माहीत नाही. त्याला ते "दुसरा हात" म्हणत. कोणाचाही शेवटचा निकाल दुसऱ्या कोणीतरी पुन्हा करून दाखवायचा. तोही फक्त प्रबंधाचं पान समोर ठेवून. ज्याचा प्रबंध, त्याने त्या वेळी खोलीत पाऊल टाकायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही. दुसऱ्या हाताला तोच निकाल मिळाला की मॅडमची सही. नाही मिळाला तर आणखी एकदा, एकूण दोन संधी. त्यानंतर प्रबंध परत.

कुलपाचं कोडं मला तेव्हा उलगडलं.

तर सहीआधी प्रबंधाची भाषा कोणीतरी बघायला हवी होती. घरातच वाङ्मयवाली बसलेली. ताईने दुसरं प्रकरण, म्हणजे कृतीचं प्रकरण, माझ्यासमोर ठेवलं.

"बघ गं जरा, पंडिता. माझं लिहिणं म्हणजे रुग्णालयाचा फॉर्म."

खरंच तसं होतं. तीच तीच वाक्यं, तेच तेच शब्द. मी लाल पेन्सिल घेतली. मला ते काम मनापासून आवडतं. चौदा पानांची मी अकरा केली. वाक्यं वाहायला लागली. ताईने वाचलं आणि म्हणाली, "हे मी लिहिलंय? छानच लिहिते की मी!"

आम्ही दोघी हसलो. तिने स्वच्छ प्रत काढली आणि मॅडमकडे दिली.

दुसरा हात म्हणून मॅडमनी एका संशोधक मुलाला बसवलं. सगळे त्याला नियमराव म्हणत. पानावर "हलवावे" असेल तर तो विचारायचा, किती वेळा. पानावर नसेल ते तो करत नसे. ताईला बरं वाटलं. "तोच हवा," ती म्हणाली. "तो मनाचं काही घालणार नाही."

नियमरावचा आकडा आला दोन.

चोवीस नाही. दोन.

"पहिल्यांदा होतं असं," ताई म्हणाली. चहा प्यायली. भांडी घासली.

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा केलं. दीड.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा साडेचार वाजले होते. चपला काढल्या, जोडीने लावल्या. सिंकमध्ये सकाळची भांडी पडली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि खुर्चीवर बसली. कप ठेवताना टेबल दाबून बघितलं नाही.

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"म्हणाल्या, सोमवारी ये. प्रबंध परत घ्यायचा असेल तर तुझ्या हाताने घे, म्हणजे शेऱ्याशिवाय जाईल."

"शेरा कसला?"

नंतर कळलं. वर्गात कोणीतरी म्हणालं होतं, काकूंना घाई होती, जागा वाट बघत होती. आकडे घरी शिजवले असतील. तोंडावर कोणी बोललं नाही. पण ती आली की बोलणं थांबायचं, आणि अशा थांबण्याला आवाज असतो.

"तुझी वही आहे ना?" मी म्हटलं. "रोजची वही. त्यात सगळं असेल."

"आहे. बघितली मी. मी वहीत काय लिहिलंय माहितेय? 'बफर नेहमीप्रमाणे.' चौदा वेळा. नेहमीप्रमाणे." ती हसली, पण हात तोंडावर गेला नाही. "आता नेहमी म्हणजे काय ते जगाला कोण सांगणार?"

"अगं, पण चौदा वेळा पिवळं झालं."

"मी बघितलं ना पिवळं? मला हवं होतं म्हणून दिसलं असेल."

"यंत्राने सांगितलं."

"यंत्रात काय घालायचं ते मीच ठरवत होते. आकडे मीच लिहीत होते. चौदा वेळा माणूस स्वतःला फसवू शकतो का?"

"नाही."

"तुला काय माहीत?"

मला खरंच काही माहीत नव्हतं. भांडी मी घासली.

ताईचे वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. आता थकलेत, पण ओळखीचे दुकानदार अजून बोलावतात. लहानपणी ती वजनांची लाकडी पेटी घेऊन त्यांच्याबरोबर बाजार फिरली होती. टेबल दाबून बघायची सवय त्यांचीच. त्यांचं एक वाक्य ती नेहमी सांगायची. काटा दुकानात लावायचा. घरी लावून दुकानात नेला तर तो घरचंच वजन सांगतो.

शनिवारी ती त्यांच्याशी बोलली. उभी राहून. सगळं सांगितलं नाही. "जमत नाहीये बाबा," एवढंच म्हणाली. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. तिने "हो" म्हटलं, पुन्हा "हो" म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी ती कपाट आवरत होती. पुस्तकं एका खोक्यात, वह्या दुसऱ्या खोक्यात. सोमवारची तयारी. मी दारात उभी होते. तिने स्वेटर झटकला. जांभळा, वरचं एक बटण नसलेला. घडी केली आणि खोक्यात टाकला.

मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. "हा स्वेटर गं उन्हाळ्यात कशाला नेतेस? मी यादीत लिहिलं, पण विचारायचं राहूनच गेलं."

"थंड खोलीत बसायला. चार अंश असतं तिथे."

"रोज?"

"रोज. तासभर तरी."

"पण तिथे तर नळ्या नुसत्या ठेवायच्या असतात ना? बसायचं काय काम?"

"बफर तिथेच करते ना मी."

बफर म्हणजे काय ते मला तोवर माहीत झालं होतं. मुद्रितं तपासून माणसाला कायकाय माहीत होतं. प्रथिन ज्या पाण्यात ठेवायचं, त्याचा आंबटपणा एका ठरलेल्या आकड्यावर आणून ठेवायचा. तिचा आकडा साडेसात.

"बफर बाहेरच्या टेबलावर करतात," मी म्हटलं. "आणि मग थंड खोलीत नेतात."

"कोण म्हणतं?"

"पानावर आहे."

"कुठल्या पानावर?"

"तुझ्या."

तिने माझ्याकडे बघितलं. मग खोक्यातून प्रबंध काढला, दुसरं प्रकरण उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. बफरचा पीएच साडेसातवर आणावा. पुढील सर्व कामे थंड खोलीत करावीत.

"पुढील," ती म्हणाली.

"हो."

"मी 'पुढील' लिहिलं नव्हतं."

मी माझ्या खोलीत गेले. मी मसुदे फेकत नाही. वाङ्मयाच्या माणसांना ती खोड असते. पलंगाखालून तिचा कच्चा मसुदा काढला, त्यावर माझी लाल पेन्सिल. आणून तिच्या हातात दिला.

ते पान वाचायला फार वेळ लागत नाही. "थंड खोलीत पीएच मीटर ठेवावे. थंड खोलीत अर्धा तास थांबावे. थंड खोलीत मीटर जुळवून घ्यावे. थंड खोलीत बफर ढवळावे. थंड खोलीत पीएच साडेसातवर आणावा." एका पानावर अकरा वेळा "थंड खोलीत". त्यातले नऊ मी खोडले होते. दोन ठेवले होते. बाजूला माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : एकदा सांगितलं की पुरे.

वर त्या पाच वाक्यांचं एक वाक्य केलं होतं. वाक्य छान वाचत होतं. तीच पंचाईत.

मी काहीतरी बोलायला हवं होतं.

"ताई, मी..."

"थांब." ती जमिनीवर बसली, खोक्याला टेकून. पान मांडीवर. "थांब जरा. बोलू नकोस. बाहेर साडेसात केला आणि आत नेला तर आकडा चढतो. हा बफर असा आहे, थंडीत चढतो. बावीस अंशांचा फरक. आठ पॉइंट एक होणार." ती बोटांवर मोजत होती. "आठ पॉइंट एकला जोडी फुटणार. फुटणारच. नियमरावने जे पान होतं ते केलं. त्याचे दोन बरोबर आहेत. माझे चोवीसही बरोबर आहेत."

मग तिने डोळे मिटले.

"मी खोटी नाही," ती म्हणाली. अगदी हळू. मला नव्हतं सांगितलेलं ते.

"तू कधीच नव्हतीस गं."

"तुला नाही कळणार. तीन दिवस मी स्वतःलाच चोर म्हणून बघत होते." तिने डोळे उघडले. "तुला मी ओरडणार आहे. पण आत्ता नाही. आत्ता मला वेळ नाही. चहा टाक."

मी चहा टाकला. तिने कप ठेवण्याआधी टेबल दाबून बघितलं.

चहा पिता पिता मी विचारलं, "पण तू तिथेच का करायचीस? सगळे बाहेर करतात ना?"

"सगळे बाहेर करतात आणि मनात हिशोब करून आकडा धरतात. तेही चालतं. मला ते पटत नाही. जिथे वापरायचा तिथे लावायचा." मग तिलाच ते ऐकू आलं. "अगं बाई. काटा."

तिने बाबांना फोन लावला. या वेळी सगळं सांगितलं. या वेळी पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, कारण ते ओरडलेच.

"मग! घरचं वजन दुकानात! तुझ्या मॅडमना म्हणावं, बाजारात या एकदा माझ्याबरोबर."

सोमवारी मी छापखान्यातून अर्धी सुट्टी घेतली आणि तिच्याबरोबर गेले. तिने नको म्हटलं. मी म्हटलं, मी खोडलंय, मीच सांगणार.

मॅडमची खोली लांबट होती. एका बाजूला पुस्तकं, दुसऱ्या बाजूला नळ्या गरगर फिरवणारा एक मोडका सेंट्रिफ्यूज, त्यावर कुंडी. मॅडम उंच, केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात.

"तू कोण?"

"मी हिच्या घरी... म्हणजे आम्ही एकत्र राहतो."

"बरं. मग?"

मी मसुदा पुढे केला. "हे मी खोडलंय."

त्यांनी चष्मा लावला. पेन्सिलीच्या टोकाने मोजलं. "नऊ."

"हो."

"का खोडलं?"

"तेच तेच येत होतं."

"शिक्षण काय?"

"वाङ्मय. पदवी."

"हं." त्यांनी पान उलटवून मागची बाजूही बघितली. "आमच्याकडे तेच तेच आलं नाही तर पदवी मिळत नाही."

मग त्या ताईकडे वळल्या. "आणि तू? स्वच्छ प्रत वाचली नाहीस?"

"वाचली मॅडम. दोनदा वाचली."

"मग?"

"मला ते दिसतच होतं."

"तिथे नव्हतं."

"नव्हतं. पण मला दिसत होतं."

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या आणि स्वतःच्या कपाळावर पेन्सिल आपटली. "थंडीत आकडा चढतो हे मी दुसऱ्या सत्रात शिकवते. दोन मार्कांचा प्रश्न असतो. आधी दोन आला, मग दीड आला आणि मलाही सुचलं नाही. मी आकडे सोडून माणूस बघत बसले." त्यांनी नियमरावला हाक मारली. तो आला. त्यांनी पान दाखवलं.

"हे पानावर नव्हतं," तो म्हणाला. "असतं तर केलं असतं."

"तुझं चुकलं नाही."

"माहितेय," नियमराव म्हणाला.

मॅडमनी ठरवलं. नियमाप्रमाणे दोन्ही संधी संपल्या होत्या. पण त्या संधी या पानाच्या नव्हत्याच, चुकीच्या पानाच्या होत्या. ताईने कृतीचं प्रकरण पुन्हा लिहायचं, स्वतःच्या हाताने, आणि प्रत्येक वाक्यात जागा सांगायची. मग दुसरा हात पुन्हा एकदा. शेवटचा.

"आणि हिला," माझ्याकडे पेन्सिल करून मॅडम म्हणाल्या, "हिला दाखवायचं नाही."

"नाही दाखवणार," ताई म्हणाली. तिचे खांदे हलायला लागले होते.

नवीन प्रकरण सोळा पानांचं झालं. ते मी वाचलेलं नाही.

दुसऱ्या हाताचं काम दोन दिवसांचं. पहिल्या दिवशी सकाळी नियमरावने निरोप पाठवला. पानावर थंड खोलीत तासभर बसायला सांगितलंय आणि त्याच्याकडे गरम कपडे नाहीत. स्वेटर चालेल का, पानावर स्वेटर नाही. मॅडम म्हणाल्या, "घाल रे बाबा." ताईला आत जायची मुभा नव्हती, म्हणून स्वेटर मी नेऊन दिला. त्याने तो तपासला. बटण नाही, असं म्हणाला आणि घातला. जांभळ्या स्वेटरमधला नियमराव थंड खोलीच्या दारामागे गेला. दाराला छोटी गोल काच होती. त्यातून तो पाठमोरा दिसत होता, मीटरकडे बघत, हात काखेत घालून.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. समोर भिंतीवर अग्निशामक नळकांडं, त्यावर तपासणीची तारीख. ताईने ती तारीख किमान वीस वेळा वाचली असेल. येणाऱ्याजाणाऱ्याच्या कोपराकडे बघायचं मात्र तिने सोडलं नाही.

"त्याची शीर छान आहे," एक प्राध्यापक गेल्यावर ती म्हणाली. "एका टोचणीत मिळेल."

"ताई, गप गं."

"बोलू दे. बोलले नाही तर ओकारी येईल मला."

तीन वाजून दहा मिनिटांनी नियमराव बाहेर आला. हातात छोट्या खळग्यांची चौकोनी प्लेट, वर चांदीचा कागद. आमच्याकडे बघितलंही नाही. नियमाप्रमाणे बघायचं नव्हतं. तो यंत्राच्या खोलीत गेला. दार लागलं.

ताईने माझं मनगट धरलं. तिची बोटं माझ्या नाडीवर बसली होती. सवयीनेच असणार.

"तुझी एकशे दहा आहे," ती म्हणाली.

"तुझी बघ."

"माझी बघायची नाही मला."

दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या. हातात कागदाची पट्टी.

"तुझा किती होता?" त्यांनी ताईला विचारलं. त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

"चोवीस."

"त्याचा तेवीस पॉइंट चार."

ताईने तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय ते मला कळेना. मी पुढे होऊन बघितलं, तरी कळेना. मॅडमनी खिशातून पेन काढलं, बाकावर तिच्याशेजारी बसल्या आणि तिथेच, गुडघ्यावर प्रबंध ठेवून सही केली. नियमराव दारात उभा होता, स्वेटर अजून अंगात.

"पिवळं छान होतं," तो म्हणाला. आणि मग बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा पानावर नसलेलं बोलला. "अभिनंदन, काकू."

त्या संध्याकाळी आम्ही भांडी तशीच ठेवली. दोघी पलंगावर आडव्या पडून छताकडे बघत होतो. मधूनच ती म्हणायची, "तेवीस पॉइंट चार." मी म्हणायचे, "हो." थोड्या वेळाने पुन्हा. तेच तेच. मी एकदाही काही खोडलं नाही.

तोंडी परीक्षा वीस मिनिटांत संपली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं की बफर खोलीबाहेर का केला नाही. ती म्हणाली, "माझे वडील काटे लावतात." मग नीट उत्तर दिलं. फ्रिजवरच्या यादीत स्वेटरच्या ओळीखाली तिने माझ्याच पेन्सिलीने रेघ मारली ती त्या दिवशी.

गेल्या शनिवारी ती गेली. रुग्णालयातली जागा तिला मिळालीय, खिडकीच्या आतली. सोमवारपासून रुजू. बस दुपारी सव्वादोनची. आम्ही दोन वाजता स्टॅंडवर होतो. दोन पिशव्या, एक खोका, बाथरूमच्या दारावरचा तक्ता गुंडाळून काखेत. स्वेटर तिने मला ठेवायला दिला. तिच्या नव्या जागेत थंड खोली वेगळी आहे म्हणे, कोट मिळतो.

पिशव्या वर चढवल्या. ती पायरीवर पाय ठेवून थांबली आणि परत खाली उतरली.

"थांब," ती म्हणाली. "तुला ओरडायचं राहिलंय."

"आत्ता?"

"मग कधी? दोन महिने झाले. रोज म्हणते उद्या."

तिने तक्ता खोक्यावर ठेवला. पदर नसताना खोचल्यासारखे हात कमरेवर घेतले. बोट वर केलं. मोठा श्वास घेतला. आजूबाजूचे दोघेतिघे बघायला लागले. मी मान खाली घातली. मला ते ओरडून घ्यायचंच होतं. दोन महिने मी त्याची वाट बघत होते.

"हे बघ," ती म्हणाली.

चालकाने हॉर्न दिला. तिने मागे बघितलं, मग माझ्याकडे. हात तोंडावर गेला, खांदे हलायला लागले. पुन्हा हॉर्न. ती तक्ता उचलून पळाली, दार लागलं आणि बस निघाली. खिडकीतून ती काहीतरी बोलत होती. बोट अजून वरच होतं.

फोन होतात. परवा नव्या यंत्राबद्दल सांगत होती, तीन वेळा सांगितलं. मी दोनदा ओरडण्याची आठवण करून दिली. दोन्ही वेळा म्हणाली, "फोनवर नाही. समोर ये."

"हे बघ"च्या पुढचं अजून यायचंय.